कोंबड्याला कंठ फुटतो तेव्हा

गेल्या वर्षी जानेवारी संपता संपता आमच्या कार्यालयात एक अर्ज आला. अर्ज कसला, चांगली चार पानी तक्रार. बार्देशातल्या एका गावात जुनं घर विकत घेऊन, दुरुस्त करून राहायला आलेल्या गृहस्थांनी केलेली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईचा कोंबडा पहाटे चारपासून ओरडतो, झोपमोड होते, रक्तदाब वाढतो, सबब सदर कोंबडा तिथून हलवण्यात यावा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवालाही जोडला होता. वर मोबाइलवर मोजलेले आकडे, तारीखवार.

आवक वहीत कागद चढवणं हे माझं काम. चढवताना हसू आलं, खोटं कशाला बोला. पण अर्जातल्या एका वाक्यापाशी साहेब अडले. गृहस्थांचं म्हणणं असं, की आम्ही सप्टेंबरात राहायला आलो तेव्हा शेजारी कोंबड्या होत्या, पण आवाज नव्हता. डिसेंबरात अचानक सुरू झाला. याचा अर्थ हा कोंबडा आम्हांला त्रास देण्यासाठी मुद्दाम मागाहून आणलेला आहे.

साहेब शहरातले. त्यांनी आम्हां सगळ्यांकडे पाहून विचारलं, "तुम्ही सगळे गावांतले ना? मग सांगा, कोंबडा किती महिन्यांचा झाला की आरवायला लागतो?"

आणि गंमत पाहा. काणकोणपासून पेडण्यापर्यंतची माणसं त्या खोलीत बसलेली, पण एकमत होईना. कोणी म्हणे तीन महिने, कोणी म्हणे सहा. एकजण म्हणाला, पायाला नखी फुटल्याशिवाय आरवतच नाही. आमच्या शिपायाने तर सांगितलं, "साद घालपाक ताका कोण शिकयता? बापूय शिकयता." बाप शिकवतो! ज्या घरांतली पहाट पिढ्यान् पिढ्या कोंबड्याने झाली, त्या घरांतली आम्ही माणसं, आणि एवढं साधं आम्हांला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. तो कागद पुढे कुठल्या टेबलावर गेला ते शेवटी सांगेन, पण तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि बरेच दिवस राहिला. मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाशी संबंध दहावीला संपलेला. तरीही वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका विलक्षण माणसापाशी आणि त्याच्या सहा कोंबड्यांपाशी जाऊन पोचलो. आजचा लेख त्या सहा कोंबड्यांचा.

आधी साहेबांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. बहुतेक कोंबडे चार ते पाच महिन्यांचे झाले की आरवू लागतात. काही उतावळे अडीच-तीन महिन्यांतच सुरुवात करतात, काही सहा महिने घेतात. पहिली बांग म्हणजे बांग नव्हेच. घशात काहीतरी अडकल्यासारखा, मध्येच तुटणारा, दारावरची बिजागरी करकरावी तसा आवाज. अगदी सोळा वर्षांच्या मुलाचा आवाज जसा एका वाक्यात दोनदा फाटतो तसा. आपल्या मराठीत दोघांनाही एकच शब्द आहे, कंठ फुटणे. हा शब्द ज्याने कोणी प्रथम वापरला त्याला पुढे जर्मनीत काय सिद्ध होणार याची कल्पना असण्याचं कारण नाही, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्याने कानाने ओळखलं होतं.

कोंबड्याच्या आवाजाकडे आपल्या लोकांनी कान देऊन फार जुने दिवस झाले. संस्कृतात त्याला कुक्कुट म्हणतात आणि कृकवाकुही, दोन्ही नावं त्याच्या आवाजावरूनच पडलेली. ताम्रचूड हे नाव तुऱ्यावरून, चरणायुध हे नखीवरून. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरांचे तीन काळ सांगताना अ सोडून उ हा स्वर का घेतला? परंपरेने दिलेलं उत्तर असं, की कोंबड्याच्या आरवण्यात उकाराचे हे तिन्ही काळ ओळीने ऐकू येतात. एक मात्रा, दोन मात्रा, आणि शेवटी तीन मात्रांची ती लांबलचक ओढ. शिक्षाग्रंथांत एका मात्रेला चाष पक्षी, दोन मात्रांना कावळा आणि तीन मात्रांना मोर अशी वाटणी केली आहे. कोंबडा एकटाच तिघांचं काम करतो. शाळेत आम्हांला संस्कृत शिकवणाऱ्या मास्तरांनी हे सांगितलं असतं तर प्लुत म्हणजे काय हे मी जन्मात विसरलो नसतो.

घड्याळ नव्हतं तेव्हा पहिला कोंबडा, दुसरा कोंबडा अशा वेळा होत्या. त्यामुळे अवेळी आरवणारा कोंबडा हा गोष्टींचा आवडता विषय. अहल्येची कथा लोकांत सांगतात तीत चंद्र कोंबडा होऊन मध्यरात्रीच आरवतो आणि गौतम ऋषी पहाट झाली असं समजून स्नानाला निघतात. कन्याकुमारीची कथा तशीच. देवीशी लग्न करायला शिव निघालेले, मुहूर्त रात्रीचा. नारद कोंबडा होऊन आरवले, मुहूर्त टळला असं समजून वरात माघारी फिरली आणि देवी कुमारीच राहिली. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे पीटरची कथा आहे, कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील ही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला पोर्तुगीज भाषेत मिस्सा दो गालू, म्हणजे कोंबड्याची मिस्सा, म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या कौलांवर मातीचा कोंबडा बसलेला असतो तो तुम्ही पाहिला असेल. पणजीच्या दुकानांत पर्यटक घेतात तो रंगीत कोंबडा मात्र वेगळा, तो उत्तर पोर्तुगालमधल्या बार्सेलुश गावच्या दंतकथेतला. निरपराध यात्रेकरूला फाशी होणार, तेवढ्यात न्यायाधीशाच्या ताटातला भाजलेला कोंबडा उठून आरवतो. म्हणजे तोही साक्षीलाच उभा.

कोंबडीबद्दलही एक समज होता. कोंबडी आरवली तर अपशकुन, लगेच तिची मान मुरगळायची. कोंबडी कधी कधी खरंच आरवते. तिच्या शरीरात डावीकडचं एकच बीजांड काम करत असतं. ते रोगाने निकामी झालं तर उजवीकडचा सुप्त अवयव वृषणासारखा वाढू शकतो. मग तुरा वाढतो आणि बाई आरवू लागतात. उलट बाजूने, १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात एका कोंबड्यावर अंडं घातल्याचा आरोप ठेवून रीतसर खटला चालवला आणि त्याला जाळलं. आमच्याकडच्या अर्जदाराने निदान हलवण्याचीच मागणी केली होती.

आता त्या सहा कोंबड्यांकडे येतो.

कोंबड्याला लहानपणीच खच्ची केलं तर तो आरवत नाही, भांडत नाही, त्याचा तुरा फिका नि खुरटा राहतो आणि अंगावर चरबी धरते, हे युरोपात रोमन काळापासून खाणाऱ्यांना माहीत होतं. तसे कोंबडे मेजवान्यांना लागत. बैलाच्या बाबतीत तर हे ज्ञान आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला होतं. पण असं का होतं हा प्रश्न कोणी फारसा विचारला नव्हता. अठराव्या शतकात लंडनचा प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर याने कोंबड्यांवर नाना उद्योग केले. पायाची नखी तुऱ्यात रुजवून पाहिली, माणसाचा दात तुऱ्यात बसवला, वृषणही एका पक्ष्यातून दुसऱ्यात लावून पाहिलं. पण त्याला कुतूहल होतं ते लावलेला तुकडा जगतो का, एवढ्याचंच. कोंबडा त्यानंतर आरवला का, हे त्याच्या दृष्टीने गौण होतं.

तो प्रश्न विचारला आर्नोल्ड आडोल्फ बर्टोल्ड याने. १८०३ साली जन्मलेला हा गृहस्थ ग्योटिंगेन विद्यापीठात वैद्यक शिकवायचा आणि तिथल्या प्राणिसंग्रहाची देखभाल करायचा. १८४८ चा ऑगस्ट महिना. सगळ्या युरोपात क्रांतीचा धुरळा उडालेला. इकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेच हे वर्ष. बर्टोल्डने दोन-तीन महिन्यांची सहा पोरगेली कोंबडी निवडली. वय मुद्दाम तेवढंच, म्हणजे अजून एकालाही कंठ फुटलेला नाही. त्यांच्या त्याने तीन जोड्या केल्या. पहिल्या जोडीची दोन्ही वृषणं काढून टाकली. दुसऱ्या जोडीत प्रत्येकाचं स्वतःचं एक वृषण त्याच्या शरीरात राहू दिलं. तिसऱ्या जोडीत मात्र वेगळाच प्रकार केला. दोघांचीही दोन्ही वृषणं काढली आणि मग याचं एक त्याच्या पोटात, त्याचं एक याच्या पोटात, मूळ जागी नव्हे तर आतड्यांच्या वेटोळ्यांत नुसतं ठेवून दिलं. मग जखमा शिवल्या आणि वाट पाहिली.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायला हवा. त्या काळी भूल देण्याची कला माणसांसाठीच नवी होती, कोंबड्याला कोण विचारतो! पण पुढचं ऐका.

पहिली जोडी गप्प राहिली. त्यांचे तुरे वाढले नाहीत, भांडणं नाहीत, कोंबड्यांच्या मागे लागणं नाही, आवाज खच्ची कोंबड्याचा. दुसरी जोडी इतर कोणत्याही कोंबड्यांसारखी वाढली. आणि तिसरी? ज्यांच्या पोटात दुसऱ्याचा अवयव भलत्याच जागी नुसता ठेवलेला होता, तेही आरवले. तुरे लालभडक झाले, एकमेकांशी झुंजले, कोंबड्यांकडे वळले. सगळं यथास्थित.

बर्टोल्डने ते पक्षी नंतर फाडून पाहिले तेव्हा आतड्याला चिकटून रुजलेलं वृषण चांगलं वाढलेलं होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरलेल्या होत्या. मात्र जुने मज्जातंतू तर कधीच तोडलेले. म्हणजे हुकूम मज्जातंतूंच्या तारेवरून जात नव्हता. मग राहिलं काय? रक्त. वृषण रक्तात काहीतरी सोडतं, रक्त ते सगळ्या शरीराला नेऊन देतं, आणि मग घसा, तुरा, मेंदू सगळे त्याप्रमाणे वागू लागतात. १८४९ साली त्याने हे छापलं. निबंध जेमतेम चार-पाच पानांचा. आमच्या अर्जाएवढाच म्हणा ना.

यानंतर काय व्हावं? गाजावाजा? काही नाही. त्याच विद्यापीठातले शरीरशास्त्राचे मोठे प्राध्यापक रुडॉल्फ वॅगनर यांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, त्यांना तो साधला नाही, आणि विषय तिथेच मिटला. बर्टोल्डनेही तो धागा पुढे नेला नाही. १८६१ मध्ये तो वारला. ज्या फायलीवर वरिष्ठांचा प्रतिकूल शेरा पडला ती पुन्हा वर येत नाही, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

बर्टोल्डनंतर ४० वर्षांनी, १८८९ साली, पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो असं भर सभेत जाहीर केलं. त्याचा गवगवा जगभर झाला. त्या अर्कात कामाचं जवळजवळ काहीच नव्हतं, तो मनाचा खेळ होता. खरं सांगणाऱ्या सहा कोंबड्यांना कोणी विचारलं नाही आणि या म्हाताऱ्याच्या मागे लोक धावले. असो.

१९०५ साली लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा रक्तातून जाणाऱ्या द्रव्यांना हार्मोन हे नाव दिलं. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणं, हलवून कामाला लावणं. आपण संप्रेरक म्हणतो तो शब्दही छान आहे. पण त्या द्रव्याचा ठावठिकाणा लागायला आणखी तीस वर्षं गेली, आणि तिथेही कोंबडाच कामाला आला. अर्कात नर संप्रेरक आहे की नाही, असल्यास किती, हे मोजायचं कसं? शिकागोच्या संशोधकांनी १९२० च्या दशकात खच्ची कोंबड्याचा तुरा हीच मोजपट्टी केली. अर्क टोचायचा, तुरा किती वाढला ते पाहायचं. १९३१ साली जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट याने पोलिसांच्या बराकींतून जमवलेल्या सुमारे १५ हजार लिटर मूत्रातून जेमतेम १५ मिलिग्रॅम द्रव्य वेगळं काढलं. वाचलं आणि मनात आलं, ते पिंप वाहणाऱ्या कारकुनाच्या आवक वहीत काय नोंद असेल! १९३५ साली ॲम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने बैलाच्या वृषणांतून खरं द्रव्य मिळवलं. टेस्टोस्टेरॉन हे नाव तेव्हाचं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल बुटेनान्ट आणि रुझिच्का यांना विभागून मिळालं. नाझी सरकारने बुटेनान्टला ते घेऊ दिलं नाही, ते त्याच्या हाती १९४९ साली पडलं. बर्टोल्डच्या निबंधाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

हे द्रव्य काही दिवसांच्या पिल्लाला टोचलं तर ते पिल्लूसुद्धा आपल्या चिमुकल्या आवाजात आरवण्याची धडपड करतं. म्हणजे आमच्या शिपायाचा बाप शिकवतो हा सिद्धांत बाद. पोपट, मैना, बुलबुल ऐकून शिकतात. कोंबड्याची बांग उपजत, शिकवणीची गरज नाही. नुसतं रक्तात ते द्रव्य उतरायला हवं. देशोदेशींचे लोक मात्र ती वेगवेगळी ऐकतात. आपण कुकूच कू, जर्मन किकेरिकी, जपानी कोकेकोक्को. कोंबडा सगळीकडे एकच.

जपान्यांवरून आठवलं. नागोया विद्यापीठातल्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग फार सुंदर आहे. त्यांनी कोंबडे सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवले, बाहेर दिवस की रात्र कळायला मार्ग नाही. तरीही कोंबडे साधारण २४ तासांना थोडं कमी अशा फेऱ्याने रोज आपल्या वेळेला आरवतच राहिले. एरवीसुद्धा उजाडायच्या सुमारे दोन तास आधी त्यांची सुरुवात होते. म्हणजे कोंबडा तांबडं फुटलेलं पाहून आरवत नाही, त्याच्या आतच घड्याळ आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही आपली म्हण खरी, पण कोंबडं झाकलं तरी आरवायचंही राहत नाही, एवढी पुस्ती तिला जोडायला हरकत नाही.

याच मंडळींनी २०१५ साली आणखी एक गोष्ट दाखवली. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहाटेची पहिली बांग ठरलेल्या कोंबड्याचीच असते, जो सगळ्यांत वरचा असतो त्याची. मग दुसऱ्या क्रमांकाचा, मग तिसरा. ज्याचं घड्याळ आधी वाजतं तो नव्हे. खालचे आपलं घड्याळ गिळून वरच्याची वाट पाहतात. आणि वरच्याला तिथून उचलला, की दुसऱ्या क्रमांकाचा लगेच पहिली बांग देऊ लागतो.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण हे मी पाहिलं होतं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या घरी तांबड्या पिसांचा एक म्हातारा कोंबडा होता, पायांना हळदीचा रंग. हा पिवळा रंग म्हणे मूळ लाल रानकोंबड्याचा नव्हेच. म्हादई-मोले भागातल्या रानांत तुटक आवाजात ओरडणारा आपल्या सह्याद्रीचा करडा रानकोंबा आहे ना, त्याच्याकडून तो आला, असं उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं. तर तो कोंबडा राखणदाराला बोललेला होता. वडील त्याला घेऊन वेशीवरच्या जागेवर गेले, गाऱ्हाणं घातलं, आणि दुपारी तो आमच्या ताटात आला. मी जेवलो नाही, एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो होतो. मग मांगरातून एक विचित्र, फाटका, अर्धवट आवाज आला. थांबला. पुन्हा आला. आई चुलीकडून म्हणाली, "पिल्लाक कंठ फुटलो गो." घरात सहा महिन्यांचा एक पोरगेला कोंबडा होता, तो कधी आरवलाच नव्हता. आम्ही त्याला मुका समजत होतो.

वडील गेले त्याला आता काही वर्षं झाली. ते होते तोवर राखणदाराकडे गाऱ्हाणं तेच घालायचे. मी मागे उभा राहून बाकीच्यांबरोबर व्हय महाराजा म्हणायचो. शब्द सगळे पाठ होते, वीस वर्षं ऐकलेले. ते गेल्यावरच्या वर्षी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि पहिल्या दोन वाक्यांत आवाज असा फाटला, की चुलतभावाने पाठीवर हात ठेवला. मी ४० वर्षांचा माणूस होतो.

आता अर्जाचं. तो गाव माझ्या घरच्या वाटेवरच पडतो. स्थळपाहणी हे काही माझं काम नव्हे, पण एका संध्याकाळी स्कूटर थांबवून त्या बाईंच्या बाल्कांवाशी गेलो. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. मुलं परदेशी. मी म्हटलं, "मांय, कोंबो खंयचो?" त्यांनी सगळं सांगितलं. आधीचा मोठा कोंबडा ऐन पावसात कोल्ह्याने नेला. त्याचीच तीन नर पिल्लं कोंबडीच्या मागे फिरत होती, नवे शेजारी आले तेव्हा एवढीशी. म्हणजे सप्टेंबरातली ती शांतता खरी, पण ती कोल्ह्याची कृपा. पिल्लांना चार महिने भरले तो डिसेंबर. मुद्दाम आणलेलं काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "सायबा, ताका हांव कशें सांगू ओगी राव म्हूण?"

कोंबड्याची बांग काही मऊ नसते हे मान्य करायला हवं. २०१८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी कोंबड्याच्या स्वतःच्या कानाशी १४० डेसिबलच्या वर आवाज मोजला. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची नळी आपोआप बंद होते, म्हणून तो स्वतः बहिरा होत नाही. शेजाऱ्याला ही सोय नाही. त्या गृहस्थांचीही मला कीव आली. त्यांनी घर घेताना सकाळची दुपारची पाहणी केली असेल, पहाटे चारला कोण घर पाहायला जातो?

फ्रान्समध्ये हेच घडलं. ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुट्टीपुरते येणारे शेजारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये रोशफोरच्या न्यायालयाने मोरिसच्या बाजूने निकाल दिला आणि शेजाऱ्यांना त्याच्या मालकिणीला १ हजार युरो द्यायला लावले. पुढच्याच वर्षी मोरिस मेला. २०२१ च्या जानेवारीत तिथल्या संसदेने कायदा केला, की गावाकडचे आवाज आणि वास हा त्या प्रदेशाचा वारसा. कोंबडा, घंटा, शेणाचा वाससुद्धा. आमच्याकडे असा कायदा नाही. आमच्याकडे घरं विकली जातात, मांगर पाडले जातात, आणि पहाटे चारला काय ऐकू यायचं हे नव्या मालकाच्या झोपेवर ठरू लागलं आहे.

अर्ज आमच्या अखत्यारीत येत नव्हता. साहेबांनी तो योग्य त्या कार्यवाहीसाठी दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला. जावक वहीत क्रमांक मीच घातला. साहेबांच्या परवानगीने सोबतच्या टिपणीत एक ओळ टाकली होती, पोरगेला कोंबडा साधारणपणे चार ते पाच महिन्यांचा झाल्यावर आरवू लागतो, सबब तो मागाहून आणल्याचा निष्कर्ष निघत नाही.

तिकडून उत्तर यायच्या आधीच मांयने शेजाऱ्याशी वाद नको म्हणून कार्निव्हालच्या आदल्या आठवड्यात तो कोंबडा कापला आणि शेजाऱ्यांकडे वाडगाभर शागुतीही पाठवून दिली. त्यांनी ती ठेवून घेतली म्हणे, आभार मानले. घरात अजून दोन भाऊ होते, तोवर एकदाही न आरवलेले. तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेचारला त्यांतल्या एकाने सुरुवात केली.